माधवदादाची लस माझ्या दंडात

पीतज्वराची लस टोचून घेतलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. मला कुठेही जायचं नव्हतं.

जायचं होतं ते माझ्या थोरल्या भावाला, माधवदादाला. तो युगांडात, कंपालाला निघाला होता, तिथल्या आपल्या हिंदुस्थानी लोकांच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून. मी बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत कारकून. माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर, तोही नोकरीच्या मुलाखतीपुरता, आणि तेवढ्यातही छत्री गाडीत विसरून आलो होतो. (छत्री दादाची होती.) त्या काळी आमचं गाव मध्य प्रदेशात होतं खरं, पण राजधानी नागपूरला होती, आणि प्रांतांची नव्याने वाटणी झाली की आपण कुणाच्या पदरात पडणार, यावर आमच्या इतवारा बाजारात प्रत्येक दुकानाच्या फळीवर रोज वाद चालायचे. आमच्याच गावाचा पत्ता कुणाला धड सांगता येत नव्हता, त्यात दादाने आफ्रिका काढली.

तो का निघाला, हे घरात कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. आदल्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला आणि मागोमाग गावात पटकीची साथ आली. नगरपालिकेचे टोचणारे गल्लोगल्ली फिरत होते. आमच्या दारात आले तेव्हा दादा शाळेत जायच्या घाईत होता आणि वहिनीचे हात पिठात होते. दादा त्यांना म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी ते आमच्या गल्लीत आलेच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी वहिनीला जुलाब सुरू झाले आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं.

त्यानंतर दादा शाळेत जायचा, त्रैराशिक शिकवायचा, घरी येऊन ओट्यावर बसायचा आणि आईने जेवायला हाक मारली की उठायचा. वर्षभर त्याने घरात जेवढे शब्द उच्चारले, तेवढे मी कचेरीत दुपारच्या चहापर्यंत बोलत असे. मग कंपालाला गेलेल्या त्याच्या एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं, की इथे मास्तर हवा आहे. दादाने आम्हाला न विचारता होकार कळवला. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, किती लांब. दादा म्हणाला, बोटीने दहा-बारा दिवस. ती पुढची पोळी लाटायला लागली. त्या दिवशी तिने गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोळ्या लाटल्या आणि आम्ही दोन दिवस त्या दुधात कुस्करून खाल्ल्या.

कागदपत्रांचं सगळं मी बघतो, असं मीच पुढे होऊन सांगितलं. इंग्रजी दादाचं माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण त्याचं मन कशातच नव्हतं, आणि मला वाटे की सरकारी कागद म्हणजे आपला प्रांत. बोटकंपनीने एक माहितीपत्रक पाठवलं होतं. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या उतारूंनी आरोग्याची काय काळजी घ्यावी, याबद्दल. मी ते एका रविवारी मधल्या खोलीत बसून मोठ्याने मराठीत करून सांगितलं. ऐकायला आई होती, दादा होता आणि तुकईथडहून आलेले आमचे मामा होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, केळी आणि कापूस पिकवणारा, हातात घड घेतल्याशिवाय बहिणीच्या दारात कधी न आलेला माणूस.

मी वाचत होतो. त्या प्रदेशात ऊन फार असतं, तेव्हा डोकं झाकून बाहेर पडावं. पाणी उकळून प्यावं. कापून ठेवलेली फळं खाऊ नयेत. डासांपासून जपावं, हिवतापाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. ओल्या जमिनीवर अनवाणी चालू नये. साप आणि विंचू यांच्यासाठी जोडे घालण्याआधी झटकावेत.

मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे दत्तू, हे तं आमच्या तुकईथडचंच लिहेल आहे. त्याच्यासाठी बोटीत कायले बसायचं?"

वर्षभरात पहिल्यांदा दादाच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढ्या भांडवलावर मला वाटलं की आपण या कामात चांगले आहोत. दुसऱ्या दिवसापासून मी घरात माहितीपत्रकाची अंमलबजावणी सुरू केली, म्हणजे दादाला सवय व्हावी. पाणी उकळायला लावलं. ते गार होईपर्यंत तहान मरायची किंवा माणूस शेजारी जाऊन पाणी पिऊन यायचा. मच्छरदाणी आणली. ती इतकी घट्ट खोचली की डास एकदा आत शिरला की त्यालाही बाहेर पडता येत नसे. हिवतापाच्या गोळ्या नमुन्यादाखल मी स्वतः घेऊन पाहिल्या आणि दोन दिवस कानात गिरणीचा भोंगा वाजत राहिला. कचेरीत साहेबांनी तीनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. चौथ्यांदा त्यांनी जे म्हटलं ते मात्र ऐकू आलं.

लशी तीन घ्यायच्या होत्या. देवीची आणि पटकीची बऱ्हाणपुरातच दवाखान्यात मिळत होती. तिसरी, पीतज्वराची, फक्त मुंबईला.

देवीची लस टोचली आणि चार दिवसांनी दादाचा दंड सुजला, फोड आला, अंगात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, अच्छा हुआ, लस लागली. आईच्या लेखी मात्र देवी प्रत्यक्ष घरी आली होती आणि तिचा मान ठेवायला हवा होता. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद झाली. दादाच्या दाढीला वस्तरा लावायची बंदी झाली. आठ दिवस आम्ही सगळे बिनफोडणीचं वरण खात होतो आणि दादा दिवसेंदिवस बैराग्यासारखा दिसायला लागला होता. पटकीच्या लशीला मात्र तो एकटाच गेला. मी सोबत येतो म्हणालो तर नको म्हणाला. परत आला तो सरळ तापीवर गेला आणि घाटाच्या पायऱ्यांवर अंधार पडेपर्यंत बसून राहिला. त्या दिवशी मी पाणी उकळायला सांगितलं नाही.

मग आम्ही दोघे मुंबईला गेलो.

बोट सुटायला तेरा दिवस होते. पीतज्वराचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, त्याआधी तो नुसता कागद, त्यामुळे हिशेब अगदी नेमका बसवला होता. (मीच बसवला होता.) लस टोचायचं केंद्र आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच उघडत असे. आम्ही सकाळीच जाऊन रांगेत बसलो. बाकावर आमच्यापुढे गुजराती व्यापारी होते, एक शिंप्यांचं कुटुंब होतं, जोगिणींसारख्या गप्प बसलेल्या दोन नर्सबाई होत्या. सगळे आफ्रिकेला निघालेले, सगळ्यांचे चेहरे दहाव्याला आल्यासारखे.

तासाभराने दादाला आठवलं की बोटकंपनीच्या कचेरीत बिछान्याचा क्रमांक पक्का करायचा राहिला आहे आणि ती कचेरी दुपारी बंद होते. जवळच होती. त्याने आपले कागद माझ्या हातात दिले, आपल्या जागेवर बसून राहा, नंबर आला तर त्यांना थांबायला सांग, असं बजावलं आणि तो गेला.

तो रस्त्याच्या कोपऱ्याला वळला असेल-नसेल, आतून पुकारा झाला, "पाठक."

आता पाठक मीही आहे. तो एम. जी., मी डी. जी. पाठक म्हटल्यावर माझ्या तोंडून "हजर" निघालं आणि मी उभा राहिलो. कचेरीची सवय, दुसरं काय. आत गेलो तो पांढऱ्या डगल्यातला एक भक्कम कंपाउंडर. त्याने माझ्या हातातले कागद ओढून घेतले, टेबलावरच्या डॉक्टरांपुढे सरकवले आणि मला म्हणाला, बाही वर करा.

मी म्हणालो, "माझं जरा ऐका."

तो म्हणाला, सगळ्यांचं जरा असतंच, दुखत नाही. मी म्हणालो, तसं नाही, हे कागद माझ्या भावाचे आहेत. पण तो तेव्हा मागे वळून कुणाला तरी सांगत होता की कुपीत एकच डोस उरलाय, यानंतर बंद, उरलेल्यांना पुढच्या खेपेला बोलवा. एकदा फोडलेली कुपी तासाभरात संपवावी लागते, नाहीतर ओतून द्यावी लागते, हे माहितीपत्रकात होतं, मी घरी वाचूनही दाखवलं होतं. मला वाटलं, आता मी नाही म्हटलं तर दादाचा डोस वाया जाईल. आता तुम्ही म्हणाल, मग तू टोचून घेतलास म्हणजेही तो वायाच गेला की. ते मला सुई आत गेल्यावर सुचलं.

डॉक्टरांनी मान वर न करता दाखल्यावर सही केली. कंपाउंडरने शिक्का मारला. माधव गणेश पाठक यांस अमुक रोजी पीतज्वराची लस टोचण्यात आली आहे. मी कापूस दंडावर दाबून बाहेर येऊन दादाच्या जागेवर बसलो. जागा धरून ठेवायला त्याने सांगितलं होतं.

दादा आला. केंद्राचं दार लागलं होतं. त्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या वर गेलेल्या बाहीकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. तो रागावेल म्हणून मी डोळे मिटून घेतले होते, पण काहीच ऐकू येईना म्हणून उघडले. तो दाखला वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने त्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

"शिक्का आहे ना," तो म्हणाला. "चल."

मला आधी हायसं वाटलं. गाडी भुसावळच्या पुढे येईपर्यंत वाटत राहिलं. मग हळूहळू लक्षात आलं की शिक्का कागदावर होता, लस माझ्यात होती, आणि जायचं दादाला होतं. मी म्हणालो, दादा, पुढच्या खेपेला पुन्हा येऊ. तो म्हणाला, मग दहा दिवस भरत नाहीत, बोट चुकते, पुढची चार आठवड्यांनी. मी म्हणालो, चुकू दे. तो खिडकीबाहेर बघत होता. मी पुन्हा म्हणालो, तिकडे खरंच तो ताप असतो, माणसं मरतात.

"असू दे," तो म्हणाला. "मला आता काय होतंय."

हे त्याने असं म्हटलं की जणू मी त्याला चहा हवा का विचारलं होतं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दादा कंपालाला का निघाला आहे, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं तेवढंच नव्हतं.

लालबागला, म्हणजे आमच्या बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर, उतरून टांग्याने घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रम होता. आईने विचारलं, "सुई लावली का रे?" दादा म्हणाला, लावली. खोटं नव्हतं. कुणाला, ते तिने विचारलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस माझे फार वाईट गेले. माहितीपत्रकात पीतज्वराबद्दल एक परिच्छेद होता तो मी एवढ्या वेळा वाचला की मला तो पाठ झाला. ताप, पाठदुखी, डोळे पिवळे होणं, काळी उलटी. त्यात लशीमुळे मलाही थोडा ताप आला होता, तेव्हा मी दर तासाला आरशात जाऊन डोळे बघत होतो. दादा मात्र शांतपणे ट्रंक भरत होता. वहिनीचं एक लुगडं त्याने तळाला घातलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा घातलं. ते मी दारातून पाहिलं आणि मला धीर धरवेना.

चौथ्या दिवशी दादा शाळेत निरोप घ्यायला गेला होता तेव्हा मी आईला सांगितलं. सगळं, कंपाउंडरपासून गाडीतल्या त्या वाक्यापर्यंत. वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, कोणता कागद आहे तो. मी म्हणालो, पीतज्वराचा. म्हणजे कसला, तिने विचारलं. मी म्हणालो, पिवळ्या तापाचा. तेवढ्यात मला कचेरीची वेळ झाली आणि मी निघून गेलो. कागद कसा दिसतो, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आईला वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर आई चुलीपुढे बसलेली, चेहरा एकदम निवांत. म्हणाली, "आता काही फिकर करू नको. तो पिवळा कागद मी चुलीत घातला."

दादाचा दाखला पांढरा होता.

आमच्या घरात सगळे महत्त्वाचे कागद एकाच पत्र्याच्या पेटीत असत. त्यात पिवळा असा एकच कागद होता. नागपूरहून आलेला, माझी नोकरी कायम झाल्याचा हुकूम. तीन वर्षं वाट पाहून तो आदल्याच महिन्यात हातात पडला होता आणि त्याची नक्कल करून घ्यायची मी उद्यावर ढकलत होतो. मी चुलीत वाकून पाहिलं. वर वांग्याची भाजी रटरटत होती.

(पुढचं इथेच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये अडथळा नको. मी नागपूरला दुसरी प्रत मागितली. तेवढ्यात प्रांतांची वाटणी झाली आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. नागपूर म्हणे, फाईल भोपाळला पाठवली. भोपाळ म्हणे, पोचली नाही. शेजारच्या संस्थानांचे राजेसुद्धा भारतात विलीन होऊन गेले होते, पण माझी फाईल काही कुठेच विलीन झाली नाही. मी पुढची सात वर्षं हंगामी कारकून राहिलो.)

त्या संध्याकाळी मी आईला काही बोललो नाही, कारण मी तोंड उघडायच्या आत दादा आला. पेटी उघडी पडलेली, मी चुलीत डोकं घातलेलं. त्याने विचारलं, काय चाललंय. मी नेहमीप्रमाणे काहीतरी दुसरंच सांगायला लागलो, पण आई मध्ये बोलली.

"तुझ्या अंगात ते औषध नाही, असं हा म्हणतो. खरं का?"

दादाने उघडी पेटी बंद केली.

"मला तिकडचं काही समजत नाही, माधव. तू जा. मी अडवत नाही. पण मराठी शाळेतल्या पोरांना तू गणित शिकवतो ना, मग मला एवढं सांग. एकदा टोचणारे दारातून परत गेले ते तुला वर्षभर गिळवत नाही. आता तू स्वतःच परत पाठवतो आहेस. मग मी ते कसं गिळू?"

दादा ट्रंकेवर बसला. मग त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडला. वहिनी गेली तेव्हा तो रडला नव्हता, घाटावरून आला तेव्हाही नाही. आई उठली नाही, त्याच्याजवळ गेली नाही. भाजी लागू नये म्हणून ढवळत राहिली आणि तो रडून होईपर्यंत ढवळत राहिली. मी तिथेच उभा होतो. काय करावं ते कळेना म्हणून मी उकळलेल्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. ते अजून गार झालं नव्हतं. त्याचा ओठ भाजला.

दुसऱ्या दिवशी दादाने पोस्टात जाऊन दोन तारा केल्या, एक बोटकंपनीला, एक कंपालाच्या शाळेला, की चार आठवड्यांनी येतो. आणि पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. मला न्यायची त्याला हौस नव्हती, पण खरा प्रकार डॉक्टरांपुढे मांडायचा होता आणि पुरावा माझ्या दंडात होता.

या वेळी डॉक्टरांनी मान वर केली. सगळं ऐकून घेतलं, जुना दाखला उभा-आडवा फाडला आणि विचारलं, सुई जवळ आली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत. मी म्हणालो, बोलत होतो, पण साहेब, मधूनच बोलणं बरं दिसेना. कंपाउंडर तोंड फिरवून औषधांच्या कपाटाकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"तुम्ही आता सहा वर्षं सुरक्षित आहात," डॉक्टर म्हणाले. "भाऊ राहू देत, तुम्हीच का जात नाही?"

दादा मोठ्याने हसला. आम्ही दोघे भाऊ रस्त्याने परत येताना तो दोनदा थांबून पुन्हा हसला. त्याचं हसू बघायला वर्षभर घरातल्या सगळ्यांनी वाट पाहिली होती. ते अखेर आलं ते माझी लायकी एका परक्या माणसाने एका वाक्यात सांगितली तेव्हा. मला त्याचं काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

ते चार आठवडे दादा घरात होता. शाळेतून सुटका झालेली, ट्रंक बांधलेली, करायला काही नाही. तो आईबरोबर भाजी निवडत बसायचा. वहिनीबद्दल बोलायचा, पहिल्यांदाच. आई त्याला वहिनीच्या अशा गोष्टी सांगायची ज्या त्याला माहीत नव्हत्या, बायकांच्या बायकांत राहिलेल्या. दुपारी ती दोघं मधल्या खोलीत बोलत असायची आणि मी कचेरीतून आलो की गप्प व्हायची. आईने इतवाऱ्यातून दराबा, आमच्या गावची ती रव्या-तुपाची मिठाई, आणवला, स्वतःच्या हाताने दादाला भरवला आणि मग उरलेला माझ्या पुढ्यात सरकवून हळूच म्हणाली, चांगलं केलंस. माझी नोकरी चुलीत घातल्याबद्दल तिला तसंही थोडं वाईट वाटत होतं.

मग दादा गेला. लालबागच्या स्टेशनावर आई आली होती, मामा केळीचा घड घेऊन आले होते. दादाने तो बरोबर नेला आणि पत्रात लिहिलं की एडनपर्यंत पुरला. गाडी हलली तेव्हा आईने हात वर केला नाही. नुसती बघत राहिली. परत येताना टांग्यात म्हणाली की बोटीतलं पाणी उकळतात की नाही कोण जाणे.

आई पुढच्या फाल्गुनात गेली. पटकी नाही, हिवताप नाही, माहितीपत्रकातलं काहीच नाही. दुपारी भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. मी दादाला तार केली. त्याला येणं शक्यच नव्हतं. दिवस मी एकट्याने केले आणि त्यात दोन चुका केल्या, त्या भटजींनी सावरून घेतल्या.

दीड महिन्याने दादाचं लांबलचक पत्र आलं. दादा चार ओळींवर कधी लिहीत नसे. त्यात आईबद्दल बरंच होतं, ते इथे सांगायचं नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं की ते चार आठवडे मिळाले नसते तर मी आईला धड ओळखलंही नसतं, आणि तिकडून इकडे येऊन बहुधा जगलोही नसतो. हे तुझ्यामुळे झालं, दत्तू.

मी ते पत्र पुष्कळ वेळा वाचलं. आईच्या जागी बसून वाचलं. आणि मग मला मोह आवरला नाही. मी उलट टपाली लिहिलं की दादा, आता आई नाही म्हणून तुला खरं सांगतो. मी त्या दिवशी मुंबईला ते मुद्दाम केलं होतं. तू थोडे दिवस थांबावंस म्हणून.

तिकडून उत्तर यायला महिना लागला. पुन्हा चारच ओळींचं होतं. तीन ओळी प्रकृतीच्या आणि शाळेच्या. चौथी अशी:

"मुद्दाम केलं असतंस, तर लस मलाच बसली असती."